ओसाड नगरे

ओसाड नगरे : एकेकाळी नांदती असलेली, परंतु मनुष्यवस्ती उठून गेल्यामुळे निर्जन झालेली नगरे, गावे व औद्योगिक वसाहती. उत्खननाने उजेडात येणाऱ्या प्राचीन स्थळांहून यांचा वेगळेपणा असा, की येथील घरे, रस्ते, प्रार्थनामंदिरे व कारखाने बहुधा जमिनीवर उभे असतात आणि ते कोणी व कशासाठी बांधले हेही ठाऊक असते. नाहीशी झालेली असतात ती माणसे. मराठीत अशा स्थळांच्या संदर्भात रूढ असलेला ‘बेचिराख’ हा शब्द फार्सी ‘बे-चिराग’ म्हणजे ‘दिव्याविना’ या शब्दापासून आलेला आहे. महसुली दप्तरांत, ज्याची जमीन कसली जाते पण ज्याच्या गावठाणात कोणी राहत नाही अशा गावाला बेचिराग म्हणत. ‘राख’ या शब्दाच्या सादृश्यामुळे पुढे त्याला जळून नष्ट झालेला असा अर्थ चिकटला. मूळ अर्थात आगीचा किंवा विध्वंसाचा काहीही संबंध नाही; संध्याकाळी तेथे दिवा लागत नाही, एवढेच त्यात सांगितलेले आहे. वस्तीची जागा ती ‘पांढरी’ व शेतीची ती ‘काळी’ हा भेदही येथे उपयोगी पडतो. चुलीची राख, शेण व पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीची जमीन पांढुरकी होते आणि वस्ती उठून शतके लोटली, तरी ती ओळखू येते. दख्खनमधील कित्येक प्राचीन वसाहतींचा माग पुरातत्त्वज्ञांनी या पांढरीवरूनच काढला आहे.

ओसाड नगरांविषयी जगभर एक समजूत आढळते. सारे रहिवासी एका रात्रीत, हातातले काम टाकून निघून गेले, अशी ती समजूत होय. राजस्थानातील जैसलमेरजवळचे कुलधरा हे याचे आपल्याकडील प्रसिद्ध उदाहरण आहे. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याच्या जुलमाला कंटाळून तेथील पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत गाव सोडले व पुन्हा तेथे कोणी वसू नये असा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. करांचा जाच खरा असावा. तथापि गावातील विहिरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रमाक्रमाने आटत गेल्या होत्या आणि त्या शतकाच्या अखेरीसही तेथे मूठभर लोक राहत असल्याची नोंद मिळते. म्हणजे गाव रिकामे होण्यास एक रात्र नव्हे, तर दोन-तीन पिढ्या लागल्या. आख्यायिकेने हा काळ एका रात्रीत कोंबला आहे. जगातील बहुतेक ओसाड नगरांच्या बाबतीत हेच घडलेले दिसते.

मंद गतीने वस्ती उठण्याचा एक उत्तम अभ्यासलेला दाखला महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सु. १६०० ते ७०० या काळात तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत होती. तिच्या मधल्या काळातील घरे चौकोनी व प्रशस्त आहेत. अखेरच्या काळात त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. हवामान कोरडे होत गेले, पिके खालावली आणि लोक शेळ्यामेंढ्यांच्या मागे भटकू लागले, असा या बदलाचा अर्थ उत्खनकांनी लावला. शेवटची झोपडी सोडणाऱ्या कुटुंबाला आपण एक गाव संपवीत आहोत अशी जाणीवही झाली नसावी.

राजधान्यांच्या बाबतीत कारणे अधिक गुंतागुंतीची असतात. अकबराने १५७१ च्या सुमारास वसविलेली फतेपूर सीक्री त्याने १५८५ मध्ये सोडली. पाणी आटल्यामुळे ती सोडावी लागली असे सर्रास सांगितले जाते. परंतु वायव्य सरहद्दीवरील घडामोडींमुळे त्याला लाहोरला राहणे भाग पडले, हे कारण अधिक पटणारे आहे. दरबार गेला, तरी शेख सलीम चिश्ती यांचा दर्गा व खालचे गाव कधीच ओस पडले नाही.

गोव्याची जुनी राजधानी (जुने गोवे) हिचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. मांडवीच्या काठचे हे विजापूरच्या आदिलशाहीतील बंदर पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकले आणि पुढील शंभर वर्षांत ते आशियातील अत्यंत संपन्न नगरांपैकी एक झाले. त्याच्या ऱ्हासाचे कारण म्हणून साथीच्या रोगांकडे बोट दाखवितात. ते खोटे नाही. पटकी व हिवताप यांनी नगराला वारंवार ग्रासले. भरावाची सच्छिद्र जमीन व तिच्यातून दूषित होणाऱ्या विहिरी यांमुळे रोगांना आळा बसणे कठीणच होते. परंतु साथी सोळाव्या शतकातही होत्या आणि तेव्हा नगर वाढतच होते. सतराव्या शतकात डचांनी पोर्तुगीजांचा सागरी व्यापार तोडला, नगराचे उत्पन्न घटले आणि मेलेल्यांच्या जागी नवी माणसे येईनाशी झाली. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी नगरानजीकचे जुवे बेट घेतल्यावर राजधानीची असुरक्षितता उघड झाली व व्हाइसरॉयने ती मुरगावला हलविण्याचा घाट घातला. तो बेत तडीस गेला नाही. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचा निवास पणजी येथे गेला. त्याच शतकात जुने नगर पुन्हा वसविण्याचा हुकूम लिस्बनहून आला. त्याचाही उपयोग झाला नाही. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद करण्यात आल्याने मठ रिकामे झाले आणि १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी ठरली.

जुन्या नगराचे काय झाले, याचे उत्तर पणजीच्या भिंतींत सापडते. रिकामे वाडे व मठ पाडून त्यांचा दगड नव्या शहराच्या बांधकामासाठी नेण्यात आला. आज तेथे माडांच्या बागांतून उभी असलेली मोजकी चर्चे पाहून काळाच्या ओघात नगर विरून गेले असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग उचलून नदीच्या खालच्या अंगाला नेलेला आहे. सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भागही १९३१ मध्ये ढासळला व आता एका मनोऱ्याचा अर्धा भाग उरला आहे. या अवशेषांत सापडलेले जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अस्थिशेष भारत सरकारने २०२१ मध्ये जॉर्जियाला सुपूर्द केले. जुन्या गोव्यातील चर्चे व मठ यांचा १९८६ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. सेंट फ्रान्सिस झेव्हियर यांच्या अवशेषांच्या दशवार्षिक दर्शनाच्या वेळी (यापूर्वीचे २०२४–२५ मध्ये झाले) लाखो लोक येथे येतात. अशा नगराला ओसाड म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. हंपीच्या बाबतीतही तोच प्रश्न उद्भवतो. १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर उजाड झाले, पण विरूपाक्षाची पूजाअर्चा तेथे आजही चालते. कंबोडियातील अंकोरचा ‘शोध’ एका फ्रेंच प्रवाशाने १८६० मध्ये लावला असे पुष्कळ काळ सांगितले गेले. त्या प्रवाशाला अंकोर वाटमध्ये बौद्ध भिक्षू राहत असलेले आढळले होते.

खाणींच्या वसाहती मात्र खरोखरच वेगाने रिकाम्या होतात, कारण त्यांना एकच आधार असतो. आजच्या नामिबियातील (तेव्हाच्या जर्मन वसाहतीतील) कोलमन्सकोप येथे १९०८ मध्ये झकारियस लेवाला या रेल्वे मजुराला हिरा सापडला आणि वाळवंटात नाचघर, बर्फाचा कारखाना व क्ष-किरण यंत्र असलेले रुग्णालय अशा सोयींचे जर्मन गाव उभे राहिले. पुढे दक्षिणेस ऑरेंज नदीच्या मुखाकडे अधिक समृद्ध साठे मिळाले. १९५६ पर्यंत गाव रिकामे झाले. खोल्यांतून कमरेइतकी वाळू साचलेली ही घरे छायाचित्रांमुळे सर्वपरिचित झाली आहेत. ज्याला पहिला हिरा सापडला, त्याच्या वाट्याला त्या संपत्तीतील काही आले नाही.

जपानमधील नागासाकीच्या किनाऱ्याजवळचे हाशीमा हे बेट फक्त ६·३ हेक्टर क्षेत्रफळाचे आहे. समुद्रतळाखालील कोळशासाठी मित्सुबिशी कंपनीने ते १८९० मध्ये विकत घेतले. जागेच्या टंचाईमुळे १९१६ मध्ये तेथे सलोह काँक्रीटची सात मजली चाळ बांधण्यात आली. ती जपानमधील अशा प्रकारच्या पहिल्या मोठ्या निवासी इमारतींपैकी होय. १९५९ मध्ये बेटावर ५,२५९ लोक राहत होते. दूरवरून युद्धनौकेसारखे दिसत असल्यामुळे त्याला ‘गुंकानजिमा’ म्हणजे युद्धनौका-बेट असे टोपणनाव पडले. कोळशाची जागा खनिज तेलाने घेतली, तेव्हा जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि २० एप्रिलला शेवटचे रहिवासी गेले. नावेतून नेणे परवडणार नाही असे बरेचसे सामान तेथेच राहिले. दूरचित्रवाणी संच, खेळणी, कपाटे अशा ज्या वस्तू पाहून प्रेक्षकाला घाईच्या पलायनाची कल्पना येते, त्यांच्यामागे असा वाहतूकखर्चाचा साधा हिशेब आहे.

हाशीमाच्या इतिहासाचा दुसरा भाग दीर्घकाळ अनुच्चारित राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियन व चिनी लोकांना येथे आणून त्यांच्याकडून सक्तीने खाणीत काम करवून घेण्यात आले होते. २०१५ मध्ये मेजी काळातील औद्योगिक स्थळांच्या गटात या बेटाची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, तेव्हा ही हकिकत अभ्यागतांना सांगितली जाईल असे आश्वासन जपानने दिले. ते पुरेसे पाळले गेले नाही, याबद्दल जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद व्यक्त केला. ओस पडलेल्या चाळींचे रूप इतके प्रभावी आहे, की त्यांत कोण कोणत्या परिस्थितीत राहत होते, ही चौकशी बहुतेकांच्या मनात उद्भवत नाही.

यानंतर ज्यांना खरोखरच अल्पावधीत घर सोडावे लागले, त्यांचा विचार केला पाहिजे. अशा स्थळांच्या मुळाशी आपत्ती, युद्ध अथवा शासकीय आज्ञा असते. तमिळनाडूतील धनुष्कोडी डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. प्रवाशांसह एक आगगाडी समुद्राने गिळली व शासनाने ते गाव राहण्यास अयोग्य ठरविले. तरीही काही मच्छीमार कुटुंबे तेथे राहत आली आहेत. तुर्कस्तानातील कायाकय हे ग्रीकांचे गाव १९२३ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीनंतर ओस पडले. धरणांच्या बुडीत क्षेत्रांतील गावे याच वर्गात मोडतात. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात गेलेले पळसदेवचे (ता. इंदापूर) प्राचीन मंदिर अवर्षणाच्या वर्षी पाणी उतरले की उघडे पडते व ते पाहण्यास गर्दी होते.

सर्वांत प्रसिद्ध ओसाड नगर म्हणजे युक्रेनमधील प्रीप्यत. चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी १९७० मध्ये ते वसविण्यात आले. २६ एप्रिल १९८६ रोजी पहाटेपूर्वी केंद्रातील चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. त्या दिवशी नगरातील व्यवहार जवळजवळ नेहमीप्रमाणे चालू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नभोवाणीवरून घोषणा झाली, की नगर तात्पुरते रिकामे करावयाचे असून कागदपत्रे, अत्यावश्यक वस्तू व खाद्यपदार्थ बरोबर घ्यावेत. हजाराहून अधिक बसगाड्यांतून सु. ४९,००० लोक काही तासांत बाहेर पडले. त्या वर्षात केंद्राच्या परिसरातून हलविलेल्यांची एकूण संख्या सु. १,१६,००० झाली. ‘तात्पुरते’ हा शब्द येथे निर्णायक ठरला. लोकांनी मांजरे व कुत्री मागे ठेवली, छायाचित्रांचे संग्रह फळीवर राहू दिले. कायमचे जाणारा मनुष्य असे करीत नाही.

तथापि आज दिसणारे प्रीप्यत हे २७ एप्रिल १९८६ चे प्रीप्यत नव्हे. रहिवाशांना नंतर थोड्या वेळापुरते येऊन काही वस्तू नेण्याची मुभा मिळाली. दूषित सामान कामगारांनी बाहेर काढून पुरले आणि उरलेले चोरांनी नेले. केंद्रातील अन्य अणुभट्ट्या चालूच राहिल्या. शेवटची डिसेंबर २००० मध्ये बंद झाली. स्वच्छतेच्या व देखरेखीच्या कामावरील लोक नगरातील पोहण्याचा तलाव अपघातानंतर कित्येक वर्षे वापरीत होते. शाळेच्या जमिनीवर पसरलेले मुलांचे वायुप्रतिबंधक मुखवटे पाहून अंगावर काटा येतो. परंतु ते शीतयुद्धाच्या काळातील नागरी संरक्षणाच्या साठ्यातील असून किरणोत्सर्गाच्या त्या दिवशी कोणी ते घातले नव्हते. खाटेवर ठेवलेली बाहुली, खिडकीशी मांडलेला बूट ही मांडणी पुष्कळदा मागाहून आलेल्या छायाचित्रकारांची असते. १ मे रोजी सुरू व्हावयाचा उंच पाळणा मात्र खराच आहे.

आकर्षणाची मीमांसा : निर्जन वास्तूंविषयी वाटणारी ओढ व भीती यांची उपपत्ती निरनिराळ्या प्रकारे लावण्यात आली आहे. यूरोपात अठराव्या शतकात भग्नावशेषांची अभिरुची निर्माण झाली. पिरानेसीची रोमची उत्कीर्ण चित्रे व यूबेर रॉबेर याची चित्रे लोकप्रिय झाली आणि धनिक लोक आपल्या उद्यानांत कृत्रिम भग्नावशेष बांधू लागले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ख झिमेल याने १९०७ मधील निबंधात असे प्रतिपादिले, की मनुष्याने घडविलेली वस्तू निसर्ग पुन्हा आपल्या ताब्यात घेतो व तिला आपले रूप देतो, यात भग्नावशेषाचे सौंदर्य आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९१९ मध्ये भयप्रद अनोळखीपणाचे विवेचन केले. अत्यंत परिचित गोष्टच परकी होऊन समोर आली की ही भावना निर्माण होते, असे त्याचे म्हणणे आहे. जर्मन भाषेतील तिच्या नावातच ‘घर’ हा शब्द आहे. राजवाड्याच्या अवशेषांपेक्षा रिकामे स्वयंपाकघर अधिक अस्वस्थ का करते, याचा उलगडा झिमेलपेक्षा फ्रॉइडच्या विवेचनाने अधिक होतो.

पौर्वात्य परंपरेत ओसाड नगराकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे. इस्लामपूर्व अरबी काव्यात कवी प्रियेच्या उठून गेलेल्या तळाच्या खुणांपाशी थांबतो व शोक करतो. तेथे जागेपेक्षा गेलेल्या माणसांना महत्त्व आहे. कालिदासाच्या रघुवंशा-च्या सोळाव्या सर्गात उजाड अयोध्येची अधिदेवता मध्यरात्री कुशावतीत कुशाच्या शयनगृहात येते. राजमार्गावर कोल्हे हिंडतात, जलाशयांत रानरेडे शिंगे मारतात, भिंतीवर रंगविलेल्या हत्तींना खरे समजून सिंह त्यांच्यावर नखे उगारतात, खांबांवरील स्त्रीमूर्तींवर सापांच्या काती उत्तरीयासारख्या पडल्या आहेत, असे ती सांगते. ही वर्णने कोणत्याही आधुनिक छायाचित्राइतकी प्रत्ययकारी आहेत. परंतु ती मनोरंजनासाठी येत नाहीत. ती एक तक्रार आहे, आणि ती ऐकून कुश दुसऱ्याच दिवशी अयोध्येत परतण्याची घोषणा करतो. ओसाडपणा पाहावयाचा नसून मिटवावयाचा आहे, हे तेथे गृहीत आहे.

जतन : ओसाड नगराचे जतन करणे ही एक विसंगत गोष्ट आहे, दुरुस्ती केली तर ते ओसाड दिसत नाही व न केली तर ते उरत नाही. कॅलिफोर्नियातील बोडी या सोन्याच्या खाणीच्या गावी १९६२ पासून राज्य शासनाने ‘रोखलेली पडझड’ असे धोरण स्वीकारले आहे. छपरे व भिंती कोसळणार नाहीत एवढीच डागडुजी होते, आतील सामान व त्यावरील धूळ जशीच्या तशी ठेवतात. फ्रान्समधील ओरादूर-स्यूर-ग्लान येथे १० जून १९४४ रोजी जर्मन सैनिकांनी ६४० हून अधिक गावकऱ्यांची हत्या केली. ते गाव जसेच्या तसे राखण्याचा निर्णय युद्धानंतर झाला व शेजारी नवे गाव बांधण्यात आले. हाशीमा २००९ पासून पर्यटकांना खुले असले, तरी खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटमधील लोखंड गंजल्यामुळे त्यांना ठरावीक वाटेवरूनच फिरता येते. १९१६ ची चाळ कोसळण्याच्या बेतात आहे.

सायप्रसमधील वरोशा या फामागुस्ताच्या उपनगरातून ऑगस्ट १९७४ मध्ये तुर्की सैन्य येताच ग्रीक सायप्रियट रहिवासी निघून गेले आणि ते कुंपणाने बंद करण्यात आले. मूळ रहिवाशांखेरीज इतरांनी तेथे वसणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९८४ च्या ५५० क्रमांकाच्या ठरावाने अमान्य ठरविले. २०२० च्या ऑक्टोबरात त्याच्या समुद्रकाठचा काही भाग सहलीसाठी उघडण्यात आला. स्वतःच्या घराचा मालकी हक्क न सोडलेले लोक आता इतर अभ्यागतांबरोबर त्या रस्त्यावरून चालू शकतात; घरांत प्रवेश नाही.

प्रीप्यतच्या परिसरातील निषिद्ध क्षेत्रात हजारावर लोक, त्यांत बहुतेक वृद्ध स्त्रिया, बंदी मोडून आपल्या खेड्यांत परतले व शासनाने कालांतराने त्यांना तेथे राहू दिले. केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी स्लावूतिच हे नवे नगर बांधण्यात आले. २०११ पासून क्षेत्रात अधिकृत पर्यटन सुरू झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्याने ते क्षेत्र व्यापल्यावर ते थांबले. पर्यटनाच्या पुष्कळ आधीपासून ईस्टरनंतरच्या पितृस्मरणाच्या दिवसांत पूर्वीच्या रहिवाशांना प्रवेश दिला जात असे. त्या दिवशी ते आपापल्या गावच्या दफनभूमीत जाऊन थडग्यांभोवतीचे गवत काढीत, तेथेच बसून बरोबर आणलेले अन्न खात आणि सायंकाळपूर्वी परतत.